माझा घरघराट आणि आईची हाक

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पंखा म्हटलं की तुम्ही लगेच मान वर करून छताकडे बघाल, म्हणून आधीच सांगतो, मी तो नव्हे. मी तुमच्या तळहाताएवढा, काळा, सात पात्यांचा पंखा. कॉम्प्युटरच्या डब्यात राहतो आणि यंत्राला वारा घालतो. आतली गरम हवा हलवायची आणि ते करताना शक्यतो तोंड बंद ठेवायचं, एवढंच माझं काम. हवा हलवण्यात मी कधी कसूर केली नाही. तोंड बंद ठेवण्याच्या बाबतीत मात्र माझ्या हातून जे झालं, ते अजून मला टोचतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यात प्लास्टिक ओतलं, तांब्याची तार गुंडाळली, मधे बेअरिंग बसवलं, त्यात तेलाचा थेंब सोडला, की झालो आम्ही तयार. सरकत्या पट्ट्यावर माझी शेकडो भावंडं होती. पट्ट्याच्या टोकाला एक बाई बसायची. ती एकेकाला वीज देऊन कानाशी धरायची. माझी पाळी आली तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "अगं, हा बघ किती गरीब आहे! फिरतोय की नाही तेच कळत नाही." ते माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक. तेव्हा मी फुलून गेलो होतो. आता ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पुढे खोक्यातून प्रवास झाला, दुकानात काही दिवस फळीवर गेले, आणि एक दिवस दुकानदाराने मला एका काळ्या डब्यात पुढच्या जाळीमागे बसवलं. तो डबा ताईच्या घरी आला.

ताई म्हणजे त्या घरातली मोठी मुलगी. आईसुद्धा तिला ताईच म्हणायची. ती अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करायची. जमिनीवर नुसतं गवत असायचं, पण ताईच्या पडद्यावर तिथे चार मजले उभे राहायचे, खिडक्यांत दिवे लागायचे, गच्चीवर कपडेही वाळत घातलेले दिसायचे. अशी चित्रं करायला कॉम्प्युटरला फार डोकं लागतं, आणि डोकं चाललं की ते तापतं. तिथे आमची गरज. मी पुढून गार हवा आत ओढायचो आणि प्रोसेसरवर बसलेला माझा एक चिमुकला सहकारी ती खाली मारायचा.

सुरुवातीला ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बघा, चालू आहे हे! आवाज येतोय का जरा तरी?" लोक कान लावायचे आणि माना डोलवायचे. तेव्हा ताईच्या खोलीला लागून असलेली दुसरी खोली रिकामीच असायची. आई दिवसभर बाहेर, गणवेश शिवायच्या कारखान्यात असायची.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आणि आवाज अगदी बारीक होऊन बसला. त्या दुसऱ्या खोलीत तिचा पलंग आला. सकाळी एक मावशी यायच्या, आईचं अंघोळपाणी आणि जेवण उरकून दुपारी जायच्या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात आई आणि ताई दोघीच. मधलं दार ताई सताड उघडं ठेवायची आणि रोज कामाला बसण्याआधी म्हणायची, "आई, काहीही लागलं तरी हाक मार हं. मी इथेच आहे."

आता माझं ऐका. आईच्या दुखण्यात कोणाला कॉम्प्युटर पुसायची आठवण राहणार? ताईला स्वतःचे केस विंचरायला वेळ नव्हता. माझ्या पात्यांवर धुळीचे थर बसले. जाळी बुजली, बेअरिंगमधलं तेल आटलं. हवा मिळेना म्हणून मी जोर लावायचो, जोर लावला की घरघरायचो. तो वरचा चिमुकला तर किंचाळायचाच. आम्ही दोघं मिळून असा गोंधळ घालायचो की फोनवर पलीकडचा माणूस विचारायचा, "तुम्ही गिरणीतून बोलताय का?"

ताई डब्यावर थाप मारायची. "गप रे मेल्या!" थाप मारून धूळ जाते होय? पण बिचारीचा जीव मेटाकुटीला आला होता, तिला काय बोलणार.

एके दुपारी तिला एका मोठ्या इमारतीचं काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. जेवणसुद्धा तिने एका हाताने उरकलं. आम्ही पूर्ण जोरात होतो. माझ्याच घरघराटात मला काही ऐकू येत नव्हतं, मग ताईला काय येणार! काम पाठवून झालं, ताई हात झटकत उठली, आईला चहा विचारायला आत गेली, आणि तिथूनच तिची किंकाळी आली.

आत काय झालं होतं ते मला नंतर कळलं, ताई भावाला फोनवर सांगत होती तेव्हा. आई पलंगाशेजारी खाली फरशीवर बसलेली होती, पाठ पलंगाला टेकलेली. पाण्याचा तांब्या घ्यायला गेली आणि तांब्यासकट खाली घसरली. ताईने विचारलं, "कधी पडलीस?" आई म्हणाली, "आत्ताच." पण सांडलेलं पाणी फरशीवर केव्हाच सुकून गेलं होतं.

"अरे, मी भिंतीपलीकडेच बसले होते रे," ताई हुंदके देत होती. "हे यंत्र इतकं बोंबलतं, हिची हाक कशी ऐकू येणार? तिने किती हाका मारल्या असतील, देव जाणे!"

मी तेव्हा बंद होतो. थंड होऊन पडलो होतो, आणि ते शब्द सगळे नीट ऐकू आले. मित्रांनो, मला हात असते तर मी कान झाकून घेतले असते.

दुसऱ्या दिवशी ताईचा धाकटा भाऊ आला. तो गॅरेजात गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. खिशात सदान्‌कदा पाना, म्हणून त्याला सगळे पानाच म्हणायचे, घरचेसुद्धा. आईच्या आजारपणात तो फारसा फिरकला नव्हता. आता तो पलंगाशी दोन मिनिटं उभा राहिला, आईच्या पायावरचं पांघरूण उगाच सारखं केलं, "काय म्हणतेस?" एवढं विचारलं आणि तडक बाहेर माझ्याकडे आला. आईच्या डोळ्याला डोळा भिडवण्यापेक्षा स्क्रू काढणं त्याला सोपं वाटलं असावं. मला त्याचा राग आला नाही. माझी स्थिती वेगळी कुठे होती?

डबा उघडताच तो ओरडला, "अगं ताई, ही काय धूळ! यात बटाटे लाव, येतील."

"टोमणे मारायला आलास का?"

"नाही गं. ऐक. कॉम्प्युटर काय नि ट्रक काय, तापणं एकच. पंखा घाईत असला की बोंबलतो. मोठा रेडिएटर घालू. प्रोसेसरची उष्णता पाण्यातून वर नेऊ आणि दोन पंखे निवांत फिरवू. आईने नुसता सुस्कारा टाकला तरी तुला ऐकू येईल बघ."

"आणि आत पाणी सांडलं तर? माझं पोट या डब्यावर आहे."

"सांडलं तर नाव बदलीन!"

"नाव आहे कुठे तुला? पाना तर आहेस."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

नवा रेडिएटर आला. वितीहून जरासा लांब, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पातळ पट्ट्यांचा, त्याला दोन काळ्या नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला छोटा पंप. पान्याने तो उलटासुलटा करून पाहिला. "याचं झाकण कुठाय? पाणी कुठून घालायचं?"

"सीलबंद असतं ते. पुस्तिका वाच ना."

"पुस्तिका वाचून रेडिएटर बसवला असं आमच्या गॅरेजात कळलं तर मला चहा नाही मिळायचा."

रेडिएटरबरोबर दोन नवे पंखे आले होते, पण त्यातल्या एकाचं पातं वाटेतच मोडलं होतं. तेव्हा पान्याने मला बाहेर काढलं. आता माझं भंगार होणार असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगतो, मला ते योग्यच वाटलं असतं. पण त्याने मऊ ब्रशने माझी पाती पुसली, स्टिकर उचलून बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडला आणि कानाशी धरून बोटाने फिरवलं. "याच्यात अजून जीव आहे," तो म्हणाला.

त्याने चिमुकल्याला काढलं, प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावून पंप बसवला, डब्याच्या छताला रेडिएटर टांगला आणि आम्हा दोन पंख्यांना रबरी वॉशर घालून त्याला जोडलं, म्हणजे आमचा थरकाप पत्र्याला लागू नये. सगळं कसं चोख! ताईने बटण दाबलं. पहिली काही मिनिटं अशी शांतता, की पान्याने छाती फुगवली. मग ताईने एक जड चित्र लावलं आणि हळूहळू आम्ही वेग धरला. वाढता वाढता इतका वाढला, की पहिला गोंधळ बरा म्हणायची पाळी आली.

ताई खुर्चीत कोसळली. "झालं. होतं तेही गेलं."

पान्याचं तोंड एवढंसं झालं. तो पुन्हापुन्हा नळ्या चाचपत होता. आतल्या खोलीकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? गडबड अशी, की गाडीत हवा रेडिएटरमधून येते ती इंजिनाकडे जाते. जन्मभर पान्याने तेच पाहिलं होतं. त्याच सवयीने त्याने आम्हाला असं बसवलं की आम्ही छतावरून हवा ओढून रेडिएटरमधून खाली डब्यात सोडत होतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ती आम्ही परत आत आणत होतो. डबा तापला की आम्ही पळायचो, आणि पळालो की आणखी गरम हवा आत घालायचो.

शेवटी त्यानेच कागदाची एक पट्टी फाडली आणि डब्याच्या छतावर धरली. पट्टी वर उडायची ती जाळीला चिकटून बसली. पान्याने कपाळावर हात मारला. "ताई, मी गाढव आहे गं. ही गाडी कुठे पुढे पळतेय? ही तर जागची हलत नाही! गरम हवा वर जाऊ द्यायला हवी."

त्याने आम्हा दोघांना काढून उलटं बसवलं. माझ्या कडेला हवेची दिशा दाखवणारा बाण कोरलेला आहे, तो या खेपेला त्याने दोनदा बोट ठेवून पाहिला. मग बटण दाबलं आणि तेच जड चित्र लावलं. छतावरची पट्टी वर फडफडू लागली. आम्ही संथ फिरत होतो. ताईने कान पुढे केला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तिने पान्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि डोळे पुसले.

आणि मग, मित्रांनो, हाका येऊ लागल्या.

"ताई." पाणी हवं होतं. "ताई." उशी सरकली होती. "ताई, कोण... आलं?" कोणीच आलं नव्हतं, शेजारचं दार वाजलं होतं. ताई दरवेळी उठायची, आणि उठताना तिच्या तोंडावर आनंद असायचा. तिला वाटायचं, रेडिएटर पावला. एवढे दिवस आई हाका मारत होती आणि आता त्या पोचू लागल्या. मीही मनातल्या मनात स्वतःला थोडं माफ केलं होतं.

ते समाधान फार टिकलं नाही. एके दुपारी ताई आईचे पाय चोळत होती. दार उघडं होतं, मी हळू फिरत होतो आणि सगळं ऐकत होतो.

"हल्ली काम... कमी आहे ना... तुला?" आईने विचारलं.

"का गं?"

"मशीन... बंद असतं. बरं वाटतं. तेव्हा ते... ओरडत असायचं. म्हटलं, पोरीचं... काम चाललंय. कशाला... हाक मारायची."

ताईचे हात थांबले. "म्हणजे? त्या दिवशी पडलीस, तेव्हा?"

"नाही मारली. काम... होतं ना तुझं."

आजवर मी समजत होतो की मी तिच्या हाका बुडवल्या. तिने हाक मारलीच नव्हती! मी घरघरलो की ती दात आवळून गप्प पडून राहायची, तहान लागली तरी, पाठ दुखली तरी, फरशीवर बसली होती तेव्हाही. माझा आवाज तिला गप बस म्हणून सांगत होता. याची भरपाई कुठल्या ब्रशने करायची?

ताई पुन्हा पाय चोळू लागली. मग म्हणाली, "हो आई. कमी आहे हल्ली काम."

पडद्यावर त्याच क्षणी एक सबंध शाळा उभी राहत होती. मी जीव मुठीत धरून फिरत होतो. एक खडखड झाली असती तरी ताई खोटी पडली असती.

त्यानंतरचे दिवस असेच गेले. ताई उठायची, बसायची, राहिलेलं काम पहाटे उठून पुरं करायची. चेहरा ओढल्यासारखा दिसायचा, पण तक्रार नाही. आई मोकळेपणी हाक मारायची. आणि मी? रोज त्या थापेत सामील व्हायचो. थाप चांगल्यासाठी होती हे मान्य, पण म्हातारीला फसवताना बरं वाटतं होय?

पण धुळीला कोणाची दया? पुढच्या जाळीतून हवा आत यायची, तिच्याबरोबर धूळ यायची, ती वर जाऊन रेडिएटरच्या पट्ट्यांत आणि माझ्या पात्यांत बसायची. पान्याने जाताना बजावलं होतं, "ताई, अधूनमधून ब्रश मार हं." ताई हो म्हणाली आणि विसरली. तेलाचा तो थेंबही आटला. शेजारचा नवा पंखा मला म्हणायचा, "आजोबा, सांभाळा." मी सांभाळत होतो. किती सांभाळणार?

एक दिवस घाईचं काम आलं आणि माझं बेअरिंग सुटलं. खडखड, खडखड, सबंध डबा हादरू लागला. थांबता येईना, हळू होता येईना. ताईने एकदा वैतागून डब्याकडे पाहिलं आणि परत पडद्याकडे वळली. काम चांगलं पुढे सरकत होतं. मधे कोणी उठवत नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, "अगं बाई, उठ! कोणी उठवत नाहीये ना, म्हणूनच उठ!" पण माझ्या ओरडण्यातून फक्त खडखड निघत होती.

बऱ्याच वेळाने तिने आळस दिला आणि ती तशीच थबकली. हात वरच राहिले. खुर्ची मागे लोटून ती आत धावली.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. गादी ओली झाली होती.

"आई! हाक का नाही मारलीस?"

"तुझं काम... सुरू झालं ना पुन्हा. लाज... वाटली."

ताई तिथेच ओल्या गादीवर बसली. "आई, काम थांबलं नव्हतं गं कधीच. खोटं बोलले मी. मशीन रोज चालू असायचं. पान्याने आवाज तेवढा कमी केला होता."

आईने मान वळवली. "रोज? मग मी... इतक्या हाका... उगीच... तुझं काम..." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका घरात किती जणांनी अपराधी वाटून घ्यायचं! ताईला वाटत होतं तिचं चुकलं, आईला वाटत होतं तिचं चुकलं, आणि बाहेर मी खडखडत होतो.

"उगीच?" ताई एकदम चिडली. "तू गणवेश शिवायचीस तेव्हा मी शाळेतून तिकडे येऊन हाका मारायचे ना? कारखान्यात इतक्या शिलाई मशिनी एकदम चालायच्या, तरी तू कशी उठून यायचीस?"

आई विचारात पडली. वाकड्या तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. "तू... किती ओरडायचीस! सगळा कारखाना... मशिनी थांबवायचा."

"मग ओरड की तूही!"

"आता? अशी?"

"आत्ताच. मी बाहेर जाऊन बसते. ते वाजतंय ना खडखडा, वाजू दे."

ताईने आधी आईचे कपडे बदलले, गादी काढली. मग खरोखरच येऊन माझ्यासमोर बसली. मी पूर्ण जोरात वाजत होतो. आतून काही आलं नाही. ताई वाट बघत राहिली. मग अगदी पुसट काहीतरी आलं. ताई हलली नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाली, "नाही आलं ऐकू!"

आणि मग माझी खडखड, नव्या पंख्याची सळसळ, सगळं फाडून तो आवाज आला. चिरका, फाटका, मधेच तुटलेला. "ता...ई!"

"ओ!" ताई इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारचं दार उघडलं.

पाना दुसऱ्या दिवशी आला. या खेपेला तो आधी आईजवळ बसला, बराच वेळ बसला, मग माझ्याकडे वळला. आता मी पुन्हा स्वच्छ आहे, बेअरिंगही त्याने नवीन घातलंय. तसा गप्प फिरतो. पण आईला त्याचं काही देणंघेणं उरलेलं नाही. परवा तिने अशी हाक दिली की ताईच्या हातातला माऊस खाली पडला. हवं काय होतं? पडदा सरकवायचा होता.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ काढत जा, वर्षभर थांबू नका. आम्हाला तेलाचा थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. पण ते राहिलं तर एक वेळ राहू दे. तुमच्या घरात कोणी पडून असेल आणि दुपार सरत आली तरी हाक आली नसेल, तर त्याला काही नको आहे असं समजू नका. काम तसंच टाका, उठा, आणि आत जाऊन विचारा.